पायथागोरिया: चौकटी मोजून उंची काढायला लावणारा गेम

पहिलंच सांगून टाकते, घरात आठवी ते दहावीतलं कोणी असेल तर हा गेम उतरवून घ्या, शक्यतो टॅबवर घ्या कारण लहान फोनवर बोटाखाली पॉइंटच झाकला जातो, आणि शेजारी गणिताची चौकटीची वही नि पेन्सिल ठेवा. मी उतरवला तेव्हा पैसे पडले नाहीत. मी ठाण्यात घरीच दहावीच्या मुलामुलींचं गणित घेते, बहुतेक सगळी सेमीवाली, आणि समरूपता, म्हणजे आकार तोच पण माप लहानमोठं, हा धडा शिकवायला मला या गेमइतकी मदत दुसऱ्या कशाची झालेली नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

गेम काय आहे ते आधी. युक्लिडिया ज्यांनी काढला त्यांचाच हा पण आहे. युक्लिडिया काहींनी खेळला असेल, त्यात कंपास आणि पट्टी असते, आणि किती चालींत रचना केली ते मोजून स्टार मिळतात. इथे तसलं काही नाही. कंपास नाही, कोनमापक नाही, पट्टीवर आकडे नाहीत, चाली मोजल्या जात नाहीत. स्क्रीनवर चौकटींची जाळी असते, त्यावर फक्त सरळ रेषा मारायच्या आणि रेषा जिथे एकमेकींना किंवा जाळीला छेदतात तिथे पॉइंट ठेवायचा. एवढंच. एवढ्यावर ३३० च्या वर कोडी आहेत, लांबी, अंतर, क्षेत्रफळ, समांतर, लंब, कोन, मध्यगा, शिरोलंब, स्पर्शिका, समभुज चौकोन, समलंब चौकोन, परावर्तन असे विषय पाडलेत आणि प्रत्येकात सोप्यापासून कठीणपर्यंत चढत जायचं. भूमितीतल्या शब्दांचा एक छोटा कोश पण आत दिलाय. मराठी नाहीये, आम्ही इंग्रजीतच खेळतो, पण सूचना एका ओळीच्या असतात आणि चित्र समोर असतं त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलांचं पण अडत नाही, पॅरलल म्हणजे समांतर, आल्टिट्यूड म्हणजे शिरोलंब एवढं सांगितलं की झालं.

आता मुद्द्याची गोष्ट. पाहिजे असलेला पॉइंट जाळीच्या कोपऱ्यावरच असला तर त्यात काही नाही, बोट ठेवलं की झालं. खरं कोडं तेव्हा होतं जेव्हा पॉइंट चौकटीच्या बाजूवर मधेच कुठेतरी पाहिजे असतो, अर्ध्यावर, एक तृतीयांशावर, आणि तुमच्याकडे मोजायला काहीच नसतं. अंदाजाने ठेवता येत नाही कारण गेम पॉइंट फक्त छेदावरच घेतो. मग काय करायचं? तीन चौकटी आडव्या आणि एक चौकट वर अशी तिरकी रेषा मारायची. ती पहिल्या उभ्या रेषेला बरोबर एक तृतीयांश उंचीवर छेदते आणि दुसऱ्या उभ्या रेषेला दोन तृतीयांशावर. का? तर लहान त्रिकोण आणि मोठा त्रिकोण समरूप आहेत, पाया १ आणि ३, म्हणून उंची पण १ ला ३. कुठेही पट्टी लावली नाही, कुठेही भागाकार केला नाही, आणि उत्तर अंदाजे नाही तर तंतोतंत आलं. पाचवा भाग पाहिजे तर पाच आडव्या एक वर. मुलांना हे एकदा कळलं की वहीच्या प्रत्येक चौकटीत त्यांना हे त्रिकोण दिसायला लागतात, खरंच, माझ्याकडच्या एका मुलीने इतिहासाच्या वहीच्या मागच्या पानावर पण हेच काढून ठेवलं होतं.

दहावीचं जे गणित भाग २ आहे, २०१८ ला आलेलं, त्यात पहिलंच प्रकरण समरूपता. सुरुवात होते क्षेत्रफळांच्या गुणोत्तराने, मग प्रमाणाचे मूलभूत प्रमेय, त्याचा व्यत्यास, कोनदुभाजक, तीन समांतर रेषा आणि त्यांच्या छेदिका, मग कसोट्या. पुस्तक चांगलं आहे, माझी तक्रार नाही, पण मुलं ते सिद्धता म्हणून पाठ करतात, पक्ष साध्य रचना लिहून चार मार्क घेतात आणि तीन समांतर रेषांचा गुणधर्म नक्की कशाला असतो ते त्यांना कोणी विचारतच नाही. या गेमची जाळी म्हणजे समांतर रेषाच आहेत सगळ्या! कुठलीही तिरकी रेषा मारा, जाळी तिचे सारखे तुकडे करते. हा गुणधर्म न वापरता गेममध्ये फार पुढे जाताच येत नाही, म्हणजे प्रमेय आधी हाताला कळतं आणि मग पुस्तकात वाचलं की मूल म्हणतं अरे हे तर ते आपलंच.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे फुल्या. गेममध्ये दोन तिरक्या रेषा एकमेकींना छेदून जो पॉइंट मिळतो तो किती उंचीवर आहे हे ओळखता यायला लागलं की अर्धी अवघड कोडी सुटतात असं माझं स्पष्ट मत आहे. वहीवर करून बघा. दोन उभे खांब काढा, एक ३ चौकटी उंच, दुसरा ६ चौकटी उंच, मधे अंतर ३ चौकटी. आता एका खांबाच्या टोकापासून दुसऱ्याच्या बुडाशी रेषा मारा, आणि दुसऱ्याच्या टोकापासून पहिल्याच्या बुडाशी. फुली पडते बरोबर २ चौकटी उंचीवर. आता अंतर ६ चौकटी करा. परत २. अंतर ४ करा, फुली आता जाळीच्या कोपऱ्यावर येत नाही, उभ्या रेषांच्या मधेच कुठेतरी पडते, पण उंची? २ च. फुली त्या आडव्या रेषेवरून डावी उजवीकडे सरकते पण वरखाली हलत नाही.

मुलांना हे आधी पटत नाही. खांब लांब नेले की फुली खाली जाईल असंच सगळ्यांना वाटतं. म्हणून कारण नीट समजून घ्यायला पाहिजे आणि ते दोन ओळींचंच आहे. फुलीची उंची उ धरा. फुलीतून खाली लंब टाका, तो मधल्या अंतराचे दोन तुकडे करतो. एका बाजूच्या समरूप त्रिकोणांवरून उ भागिले पहिला खांब म्हणजे एक तुकडा भागिले पूर्ण अंतर, दुसऱ्या बाजूने उ भागिले दुसरा खांब म्हणजे दुसरा तुकडा भागिले पूर्ण अंतर. दोन्हींची बेरीज केली तर उजवीकडे दोन तुकडे मिळून पूर्ण अंतरच होतं, म्हणजे बेरीज १. अंतर गेलं उडून! राहिलं काय तर उ भागिले पहिला खांब अधिक उ भागिले दुसरा खांब बरोबर १, म्हणजेच उ बरोबर गुणाकार भागिले बेरीज. ३ आणि ६ चा गुणाकार १८, बेरीज ९, उत्तर २. अकरावी बारावीला सायन्स घेतलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, समांतर जोडणीतल्या दोन रोधांचं सूत्र पण हेच.

आणि हे आपल्याकडे किती जुनं आहे माहितीये का. भास्कराचार्यांची लीलावती, ११५० सालची, त्यात हे कोडं जसंच्या तसं आहे. दोन वेळू, म्हणजे बांबू, एक १५ हात आणि एक १० हात, एकाच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या बुडाशी दोरी आणि उलट दुसरी दोरी, दोऱ्या जिथे एकमेकींना भेटतात तिथून जमिनीपर्यंतचा लंब किती ते सांगा. आणि भास्कराचार्यांनी मुद्दाम म्हटलंय की मधली जमीन किती आहे ते ठाऊक नाही. मी हे उदाहरण क्लासमध्ये फळ्यावर लिहिलं की कोणीतरी हमखास ओरडतं, "टीचर, अंतर दिलेलंच नाहीये." मी म्हणते नाहीच दिलेलं, करा. मग जी मुलं गेम खेळलेली असतात ती शांतपणे १५० भागिले २५ करून ६ हात सांगतात आणि बाकीची त्यांच्याकडे बघत बसतात. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला त्याचा शिलालेख आपल्या खानदेशात चाळीसगावजवळ पाटणला आहे, म्हणजे हे काही लांबचं नाही. रशिया अमेरिकेतली मुलं टॅबवर जे सोडवतायत ते आपल्याकडे साडेआठशे वर्षांपूर्वी श्लोकात बसवलेलं होतं, मुलांना हे सांगितलंच पाहिजे.

फुल्यांची अजून एक करामत आहे जी मला स्वतःला गेम खेळताना सापडली आणि तेव्हापासून मी सगळ्यांना दाखवत सुटलेय. एक खांब १ चौकट उंच, दुसरा पण १. फुली अर्ध्यावर. आता ती अर्धी उंची घेऊन दुसरा खांब करा, एक आणि अर्धा, फुली एक तृतीयांशावर. एक आणि एक तृतीयांश, फुली एक चतुर्थांशावर. असं कितीही पुढे जा, एकाच चौकटीत अर्धा, तिसरा, चौथा, पाचवा भाग ओळीने मिळत जातो. लांब रेषा मारायला जाळीत जागा नसते तेव्हा हे फार कामाला येतं, कारण पाच आडव्या एक वर करायला पाच चौकटी पाहिजेत आणि कडेला अडकलात तर त्या नसतात.

शिरोलंबाची कोडी पण चांगली आहेत, इथे उंची म्हणजे त्रिकोणाची उंची. पाया तिरका असला की मुलं गोंधळतात, त्यांना उंची म्हणजे कागदावर सरळ उभी रेषाच वाटते, कारण पुस्तकातल्या बहुतेक आकृत्यांत पाया आडवाच असतो. जाळीवर लंब टाकायची युक्ती अशी की पाया ४ आडवा ३ खाली जात असेल तर लंब ३ आडवा ४ वर, आकड्यांची अदलाबदल आणि एक दिशा उलटी. म्हणजे ३, ४, ५ चा आपला नेहमीचा काटकोन त्रिकोण काढा, काटकोनाच्या कोपऱ्यातून ३ आडव्या ४ उभ्या चौकटी मोजून तिथल्या कोपऱ्याशी रेषा जोडा, ती कर्णाला बरोबर लंब जाते. कर्णावरची उंची येते १२ भागिले ५, म्हणजे २.४, आणि कर्णाचे तुकडे होतात १.८ आणि ३.२, गुणाकार करून बघा, ५.७६, जो २.४ चा वर्ग आहे. भूमितीमध्याचं प्रमेय! दुसऱ्या प्रकरणात येतं ते, आणि तीन समरूप त्रिकोण एकात एक कुठे लपलेत ते शोधताना दहावीची भलीभली पोरं अडखळतात, जाळीवर ते समोर दिसतात. वर्तुळ आणि स्पर्शिकांची कोडी मी इथे सोडून देते, चांगली आहेत पण तो वेगळाच विषय आहे. परावर्तनाची सोपी आहेत, पटकन होतात.

गेममधून बाहेर पडून खऱ्या उंच्या काढायला जायचं हे मात्र मी आवर्जून सांगेन, नाहीतर समरूपता स्क्रीनवरच राहते. ठाण्यात उंच वस्तूंची काही कमी नाहीये, घोडबंदर रोडला तर मान मोडेपर्यंत वर बघा. पण टॉवरपासून सुरुवात करू नका, साधी बिल्डिंग घ्या. आम्ही २६ जानेवारीला दुपारी आमच्या सोसायटीत केलं. दीड मीटरची काठी सरळ उभी धरली, सरळ म्हणजे दोऱ्याला किल्ली बांधून ओळंबा केला आणि त्याच्याशी ताडून, तिची सावली आली १.२ मीटर. म्हणजे सावलीच्या सव्वापट उंची. बिल्डिंगची सावली जमिनीवर १६ मीटर गेली आणि मग शेजारच्या बिल्डिंगच्या भिंतीवर चढली, ठाण्यात हे होणारच, बिल्डिंगा इतक्या चिकटून आहेत. भिंतीवर ती अडीच मीटर चढली होती. आता इथे मुलं १६ आणि अडीच मिळवून सव्वाने गुणतात आणि ते चुकतं. भिंतीवरचा भाग उभा आहे, तो आधीच उंचीच आहे, त्याला गुणायचं नाही. १६ ला सव्वाने गुणा, २०, त्यात अडीच मिळवा, साडेबावीस मीटर. आमची बिल्डिंग स्टिल्ट प्लस सात, म्हणजे खाली पार्किंगचा एक आणि वर सात, मजल्याला साधारण २.८ मीटर धरले तर आठ मजल्यांचे २२.४. माझा भाचा जो भूमितीच्या नावाने तोंड फिरवायचा तो म्हणाला, "मावशी, गच्चीवरून दोरी सोडून खरंच मोजूया का?" सेक्रेटरींनी परवानगी दिली नाही, आणि बरोबरच केलं त्यांनी.

सावली मोजताना दोन गोष्टी बघा. एक, काठीची सावली ज्या दिशेला पडते त्याच दिशेला बिल्डिंगची सावली मोजायची, भिंतीला काटकोनात मोजली तर कमी येते. दुसरं, उंच बिल्डिंगच्या सावलीची कड पुसट असते, कारण सूर्य आकाशात ठिपका नसून साधारण अर्धा अंश रुंद दिसतो. आमच्या सात मजल्यांना ती कड जवळपास फूटभर पुसट होती, त्या पुसट पट्ट्याचा मध्य धरायचा. आणि वेळ, शक्यतो सूर्य माथ्याजवळ असताना, कारण तेव्हा सावलीची लांबी हळू बदलते आणि मोजायला वेळ मिळतो. ठाण्यात घड्याळातले बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे हं, आपण भारतीय वेळेच्या रेखांशापासून बरेच पश्चिमेला, त्यामुळे मध्यान्ह सव्वाबारा ते एक या दरम्यान कधीतरी होतो, २२ डिसेंबरच्या सुमारास तर १२ वाजून ३५ मिनिटांच्याही पुढे. त्या दिवशी, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लांब मध्यान्ह सावलीच्या दिवशी सुद्धा, ठाण्यात सावली उंचीच्या ९२ टक्क्यांच्या आसपासच असते. म्हणजे आपल्याकडे मध्यान्हाला कुठल्याही वस्तूची सावली तिच्या उंचीपेक्षा मोठी होतच नाही, कधीच. आणि मेच्या मध्याला आणि परत जुलैच्या शेवटी शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा मध्यान्हाला ही पद्धत बंदच पडते, सगळ्या सावल्या पायाखाली. मेचा दिवस बघायला मिळतो, जुलैचा बहुतेक ढगात जातो.

दिव्याची सावली वेगळी, आणि हा फरक मुलांना दाखवायचा तर संध्याकाळी तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठी, न्या. सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण समांतर धरता येतात, म्हणून काठी कुठेही उभी करा, सावलीचं प्रमाण तेच. दिव्याचे किरण एका ठिकाणाहून पसरतात, म्हणून खांबापासून जसजसं लांब जाल तसतशी तुमची सावली लांब होत जाते. तिथे दुसरे समरूप त्रिकोण घ्यावे लागतात, खांबाच्या बुडापासून सावलीच्या टोकापर्यंत एक मोठा आणि तुमच्या पायापासून सावलीच्या टोकापर्यंत एक लहान. समजा मुलगा १.६ मीटर उंच, खांबापासून ४ मीटरवर उभा, सावली १ मीटर. मोठ्या त्रिकोणाचा पाया ५, लहानाचा १, म्हणून दिवा १.६ च्या पाचपट, ८ मीटर. इथे ४ ने गुणणारे पुष्कळ निघतात. लीलावतीत याला पण वेगळं प्रकरणच आहे, छायाव्यवहार, त्यात १२ अंगुळांचा शंकू, म्हणजे सावली मोजायची उभी खुंटी, आणि दिवा घेऊन सगळी उलटसुलट उदाहरणं आहेत, सावली दिली दिवा काढा, दिवा दिला सावली काढा. मासुंदा तलावाच्या कडेला फिरायला आलेली माणसं बघत होती आम्ही टेप घेऊन काय करतोय म्हणून, एका आजोबांनी तर थांबून सगळं समजून घेतलं आणि स्वतःची सावली पण मोजून घेतली.

पावसाळ्यात सूर्य नाही, मग? जून ते सप्टेंबर हातावर हात ठेवून बसायचं का, तर नाही, साचलेलं पाणी वापरा. ते काही आपल्याकडे शोधायला लागत नाही. डबकं म्हणजे आरसा, आणि तो पण आपोआप सपाट. पाण्यात बिल्डिंगचं टोक दिसेल असं उभं राहायचं, टोक पाण्यात नेमकं जिथे दिसतं तो ठिपका धरायचा, तुमचे डोळे दीड मीटरवर आणि तो ठिपका तुमच्यापासून १ मीटर, बिल्डिंगपासून १४ मीटर असेल तर उंची दीड गुणिले १४, म्हणजे २१ मीटर. किरण ज्या कोनाने येतो त्याच कोनाने परत जातो म्हणून दोन्ही त्रिकोण समरूप, को-को कसोटी, म्हणजे दोन कोन सारखे की झालं. पण यात काळजी घ्या, ते १ मीटर मोजताना ५ सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तर उत्तर मीटरभर बदलतं, म्हणून जरा लांब उभं राहता येईल असं डबकं घ्या. आणि डोळ्यांची उंची घ्यायची, डोक्याची नाही.

परत गेमकडे. त्यात काय नाही ते पण सांगायला पाहिजे. गेम तुम्हाला कारण विचारत नाही. पॉइंट बरोबर पडला की पुढे. जाळीशी खेळता खेळता नजरेने, सममिती बघून बरीच कोडी सुटतात, आणि गेम काढणाऱ्यांनी पण तसंच म्हटलंय की भूमितीच्या अंतःप्रेरणेने सोडवा, ते ठीकच आहे, पण बोर्डाच्या पेपरात कारण लिहावं लागतं. म्हणून वहीचा नियम मी केलाय, कोडं सुटलं की आकृती वहीत उतरवायची आणि खाली कुठले दोन त्रिकोण समरूप आहेत नि कुठल्या कसोटीने ते एका ओळीत लिहायचं. फक्त एक ओळ. कंटाळा करतात, पण ज्यांनी हे नेमाने केलं त्यांची सिद्धता लिहायची भीती गेली हे मी डोळ्यांनी बघितलंय. दुसरं म्हणजे ज्यांना आकडेमोडीचा सराव पाहिजे त्यांच्यासाठी हा नाही, इथे आकडा टाईप करायचाच नसतो. त्रिकोणमिती पण नाही. आणि अडलं की लगेच नेटवर उत्तर शोधायचं नाही, उत्तरं सगळी सापडतात, आणि उत्तराची रेषा बघितली की त्या कोड्यातली मजा कायमची गेली. अडलं तर दुसऱ्या विषयावर जा, बऱ्याचदा तिथली युक्ती इकडे लागू पडते, समलंब चौकोनाच्या कोड्यांतून मला फुल्यांच्या कितीतरी गोष्टी समजल्या कारण समलंब चौकोनाचे कर्ण म्हणजे तीच फुली असते.

मोठ्यांनी खेळावा का? नक्की. लोकलमध्ये ठाण्याहून सीएसएमटीला जाताना उभ्याने पण खेळता येतो, एक कोडं दोन मिनिटांत पण होतं आणि एक कोडं आठवडाभर पण डोक्यात राहतं. माझ्या ओळखीच्या एक काकू, बँकेतून रिटायर झालेल्या, शाळा सोडल्यापासून भूमितीला हात लावलेला नाही, त्या आता क्षेत्रफळाच्या कोड्यांत माझ्यापुढे आहेत आणि मला फोन करून सांगतात की अगं तो त्रिकोण अर्धा करायला मध्यगा लागतच नाही, शिरोबिंदू पायाला समांतर सरकवला तरी क्षेत्रफळ तेच राहतं.

कुठून सुरू करायचं तर लांबी आणि अंतरापासून, मग समांतर, मग लंब, आणि मध्यगा शिरोलंब त्याच्या नंतर. ३३० कोडी ओळीने संपवायच्या मागे लागू नका. पाचवी सहावीच्या मुलाला पण सोपी कोडी देऊन बघा, त्याला समरूप हा शब्द सांगू नका, नुसतं तीन आडव्या एक वर सांगा. माझ्याकडून पाचपैकी पाच, आणि हे मी दहावीची दोन्ही प्रकरणं डोळ्यांसमोर ठेवून देतेय. त्याच लोकांचा पायथागोरिया ६०° म्हणून अजून एक आहे, त्यात चौकोनांच्या ऐवजी त्रिकोणांची जाळी, त्यामुळे आडव्या उभ्या चौकटी मोजायची सवय तिथे चालत नाही आणि लंब टाकायची अदलाबदलीची युक्ती पण जशीच्या तशी लागू होत नाही. तो मी आत्ताच सुरू केलाय, पहिला नीट झाल्याशिवाय त्याच्याकडे वळू नका.